खोक्याचं लाकूड

फ्रीज आला तेव्हा पूल नव्हता.
ट्रक कारा नदीच्या पलीकडेच थांबला.
आठ जणांनी खांद्यावरून आणला तो,
आणि पुढे चालणारा म्हातारा चाआ
सारखा ओरडत होता, आडवा करू नका, आडवा करू नका,
जणू आत कुणी झोपलंय.

आता छपरावरची काळी काच ऊन पिते
आणि आत गोवराच्या लशी गारठून बसतात.
सकाळ-संध्याकाळ मी तापमान लिहिते.
चार. पाच. चार.
हार्मात्तानच्या धुळीत एकदा नऊ.
त्या रात्री मी शिडीवर होते, फडकं घेऊन.

परवा पाहुणे आले फॉर्म घेऊन.
किती मुलं, किती डोस, किती वाया.
सगळं सांगितलं. नऊसुद्धा.
"आणखी काही फरक?" एकाने विचारलं,
पेनाला टोपण लावता लावता.

खोक्याचं कुणी विचारलं नाही.
त्या पांढऱ्या लाकडाचा चाआने बाक केला.
कळा सुरू झाल्यावर त्यावर प्यालो बसली,
मग तिची जाऊ, मग कितीतरी जणी.
"ही बाजू वर" म्हणणारा बाण
आता बाळंतखोलीचं दार दाखवतो,
बसून बसून निम्मा पुसलाय.

निघताना गाडीची भट्टी झालेली,
म्हणून पाहुणेही जरा त्याच बाकावर टेकले.
पाणी मागितलं.
मी माठातलं दिलं.
फ्रीजमध्ये पाणी ठेवायचं नाही,
हे त्यांनीच लिहून दिलंय.