पाचव्या खांबाच्या उत्तरेला

जाहिरात निघाली जूनमध्ये, समुद्र मोकळा असताना:
महासंचालक, रस्ते आणि हिवाळी मार्ग.
अर्ज कुणीही करावा. सरकारी सेवेची अट नाही.
हे शेवटचं वाक्य तेवढं ठळक अक्षरांत,
जणू आम्हालाच उद्देशून.

टाळीनच्या त्या काचेच्या इमारतीत
कॉफीच्या यंत्रापाशी कुणीतरी पुटपुटलं,
आयत्या बिळावर नागोबा.
मी हसले. आणि रात्री घरी बसून माझाही अर्ज भरला.
एकतीस वर्षं दोन पानांत बसवायची
म्हणजे बराच समुद्र गाळावा लागला.

मुलाखतीत त्यांनी विचारलं,
बदल म्हणजे काय, तुमच्या मते?
वितळणं, मी म्हणाले.
पाच जणांपैकी एकीनेच ते लिहून घेतलं.

नेमला गेला रायगो. वय अडतीस,
घरपोच पार्सलांच्या कंपनीतून आलेला, पायांत पांढरे बूट.
आल्या दिवशीच दारावरच्या पहारेकऱ्याला
त्याच्या मुलीचं नाव विचारलं.
मला ते नाव ठाऊक नव्हतं.

मी त्याला किल्ल्या दिल्या, पासवर्ड दिले, फायली दिल्या.
जे फायलींत नव्हतं
ते दिलं नाही.

फेब्रुवारीत, कितीतरी हिवाळ्यांनी,
हीउमा बेटापर्यंतची सामुद्रधुनी गोठली.
बर्फावरून गाड्या सोडायच्या की नाही, सही त्याची.
आम्ही दोघं गिरमिट घेऊन निघालो.
चालता चालता मी घडाघडा म्हणून दाखवलं:
बावीस सेंटीमीटर भरल्याशिवाय रस्ता नाही.
पट्टा बांधायचा नाही, दार आतून लावायचं नाही.
वेग पंचवीसच्या खाली, नाहीतर चाळिशीच्या वर,
मधल्या वेगात खालचं पाणी
लाट होऊन तुमच्याबरोबर धावायला लागतं.
वाटेत थांबायचं नाही, कुणी हात केला तरी.
आणि जाडी मोजायची पाचव्या खांबाच्या उत्तरेला.

उत्तरेलाच का? तो म्हणाला.

मी तोंड उघडलं.
वाफ आली. उत्तर आलं नाही.

ब्याण्णव साली मी तेवीस वर्षांची होते.
देश नवा. जुन्या साहेबांचा अनुभव
हाच त्यांच्यावरचा आरोप,
आणि माझ्यापाशी तो नव्हता म्हणून मी लायक.
वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन मी एल्मारच्या खोलीत शिरले.
तो कप वर्तमानपत्रात गुंडाळत होता.
पाचव्या खांबाच्या उत्तरेला मोज, एवढं म्हणाला,
मी वहीत लिहिलं.
का, ते विचारलं नाही.
ज्याला उठवलं त्यालाच कसं विचारायचं?
जिन्यावर त्याची पावलं वाजत होती
आणि खुर्ची अजून कोमट होती.

पुढे जेव्हा जेव्हा समुद्र गोठला, मी उत्तरेला मोजलं.
एकही गाडी बुडाली नाही,
तेव्हा ते ज्ञान ठरलं.

रायगोने माझ्या हातातलं गिरमिट घेतलं,
दक्षिणेला वीस पावलं गेला,
पांढऱ्या बुटांसकट गुडघ्यांवर बसला.
उत्तरेला चोवीस भरले होते.
दक्षिणेला अठरा.

आम्ही त्या भोकाकडे पाहत राहिलो.
काळं पाणी वर आलं, काठाशी थांबलं.
एल्मारला हे माहीत नव्हतं?
की माहीत होतं, आणि किल्ल्या देताना
त्यानेही काही राखून ठेवलं होतं?
हा दुसरा प्रश्न मी मोठ्याने विचारला नाही.
रायगो माझ्याकडे बघत होता, म्हणून तर नाहीच.

रस्ता त्या दिवशी उघडला नाही.
परतताना गाडीत मी तशीच बसले, दार नुसतं लोटलेलं.
पट्टा बांध, ऊर्वे, तो म्हणाला,
आता खाली जमीन आहे.

मी खिडकीतून पाहिलं.
दोन्हीकडे पांढरं.
बराच वेळ मला फरक कळला नाही.