विरजण

नॉरिचच्या दफ्तरखान्यात माझं काम इस्त्रीचं.
सहा-सातशे वर्षं गुंडाळून पडलेलं कातडं
दमट करायचं, सैल पडू द्यायचं,
मग जाड लोकरीखाली सपाट.
वाचणं माझ्या कामात येत नाही.
पण हात फिरताना डोळा अडतोच.

हॅडिंगफर्ड. आता तिथे बीटाचं शेत
आणि छप्पर उडालेला गारगोट्यांचा मनोरा.
तिथल्या जहागिरीच्या कचेरीची ही गुंडाळी:
हाविसा, रॉजर मेंढपाळाची बायको.
बिअर आंबवली, माप खोटं. दोन पेन्स.
अविस, विधवा. आंबवली. दोन पेन्स.
सबीना. कुणाची, ते लिहिलेलं नाही.
एक पेनी, गरीब म्हणून.
पुढच्या बैठकीला पुन्हा ह्याच तिघी.
त्याच्या पुढच्याही.

"इतका दंड भरून सुधारल्या नाहीत?"
मी लारवुडना विचारलं.
त्यांनी चष्मा पुसला. "दंड नावाला.
भरायचा आणि चूल पेटती ठेवायची."

अच्छा. हप्ता!

देवरीला माझी ठकूमावशी मोहाची काढायची.
शनिवारी हवालदाराची सायकल कुडाला टेकायची.
"केस लिहा साहेब,
पण मडकं तेवढं फोडू नका."
तिचंही नाव कुठल्यातरी कागदावर असेल,
मडक्याचं नसेल.

केरसुणी उभी ठेवू नये, आपल्याकडे म्हणतात.
हाविसा ती उंच काठीला बांधून दारावर उभी करायची:
तयार आहे, या, चाखा.
आधी चाखणारा अधिकारी यायचा, मग गाव.
त्याच्याही आधी
जव भिजवणं, मोड आणणं, धुरावर वाळवणं,
भरडणं, कढत पाण्यात घोटणं,
कडेवर एक पोर, पायात दुसरं.
आणि सगळं निवल्यावर
शेजारणीकडून वाटीभर फेस.

त्या फेसात काय असतं, कुणाला ठाऊक नव्हतं.
त्याला देवाची कृपा म्हणत.
कृपेचे पैसे घेत नसत.
आज माझ्याकडून ने, परवा मला दे.
कचेरीत त्याची नोंद नाही, कारण त्यावर दंड नाही.
मी त्याला विरजण म्हणते.

मुळात हे सुरू कुठे झालं?
लंडनच्या संग्रहालयात मातीची एक पाटी आहे,
तिच्यावर निमुळत्या बुडाचा रांजण कोरलेला.
खाली लिहिलंय, शोध.
मला नाही वाटत.
कुणाचं तरी मूल तापाने फणफणलं असेल,
पेज तशीच राहिली असेल तीन दिवस,
बुडबुडे आले असतील.
आणि तो हात असेल शिळं टाकवत नाही असा.
तिने आधी हुंगलं. मग बोट बुडवलं.

मग साथीचं वर्ष. गुंडाळी एकदम आखूड होते.
सबीना पुढे सापडत नाही.
अविस एकदा, मग नाही.
त्यानंतर समुद्रापलीकडून कडू फुलं आली,
टिकणारी बिअर आली, मोठाले तांब्याचे हंडे,
हंड्यांना भांडवल, भांडवलाला सही.
आणि एका ओळीत, फार आवाज न करता,
'आंबवणारी'ची वेलांटी गळते
आणि तिच्या जागी काना उभा राहतो:
रॉजर मेंढपाळ, आंबवणारा. चार पेन्स.

रॉजर, बाबा, तुला चव तरी कळत होती का?

मराठीत दुधाला लावतात ते विरजण,
आणि आनंदावर पडतं तेही विरजणच.
इतकी वर्षं वाटायचं, भाषेचा घोटाळा आहे.

संध्याकाळी नोंदवही भरते.
कातडं वासराचं. घड्या सात. कडा कुरतडलेल्या.
मागच्या बाजूला तपकिरी वर्तुळ एक,
मगाच्या बुडाएवढं.
'डाग काढण्याचा उपाय' ह्या रकान्यापाशी
पेन्सिल थोडी थांबते.

डाग: प्रकार अज्ञात.
काढू नये.