घसरू नये म्हणून

मागच्या शुक्रवारी मीच घसरलो.
वारा पाठीवरून उलटला, शर्वाणी ओरडली, "बाबा, बूम!"
मी वाकलो. तेवढं जमलं.
पाय मात्र ओल्या फायबरवरून
तेल लावलेल्या पोळपाटावरच्या पुरीसारखा गेला
आणि होडी आमच्यासकट आडवी.

सुकाणू तिच्याकडे असतं.
मी पुढे, लहान शिडाच्या दोरीवर.
सतरा वर्षांची कप्तान, अठ्ठेचाळीसचा खलाशी.
ती काही बोलली नाही.
फक्त सोमवारी माझ्या ताटाशेजारी
कागदात गुंडाळलेली एक वडी ठेवली.

नारळाचा वास.
मी खरंच तोंडाशी नेली.
"बाबा! मेण आहे ते.
लाटांवर फळ्या घेऊन जातात ना, ते लावतात.
पाय सुटत नाही."

पाय सुटत नाही, मेणाने?
चिपळूणला आषाढात दारं चौकटीत रुतून बसायची,
खण अर्ध्यावर हट्ट धरायचे,
तेव्हा आई मेणबत्तीचं थोटूक शोधायची,
कडेकडेने दोन रेघा ओढायची
आणि म्हणायची, "आता ओढ."
माझ्या दप्तराची चेन, कपाटाची कडी,
सगळं मेणानेच सुटलेलं.

हनीफचाचा हसले.
मूळ हर्णैचे, क्लबच्या होड्या सांभाळत
तीस उन्हाळे झल्लाकच्या या किनाऱ्यावर.
"ह्या गावाचं नावच घसरण्यावरून पडलंय म्हणतात,
खरं-खोटं अल्ला जाणे.
गोड्या पाण्यानं धू. पुसून कोरडी कर.
आधी कडक मेणाचा हात, मग मऊ.
दाबू नको, गोल गोल फिरव,
साबुदाण्यासारखे दाणे उठले पाहिजेत.
आणि आठच्या आत उरक,
नायतर ऊन तुझं मेण चाटून जाईल."
(खरं आहे. दुसरी वडी गाडीत विसरलो होतो.
डॅशबोर्डवर नारळाचं सूप.)

आज पहाटे गुडघ्यांवर बसलो.
दूर पुलावरचे दिवे एकेक करून विझत होते,
पलीकडचा देश धुक्यात, नसल्यासारखा.
डोलकाठीजवळ एक ठिपका,
काठाशी एक, जिथून बाहेर झुकतो तिथे लांबट पट्टा.
चाचांनी चहाचा कप होडीवर टेकवला.
"पडलास तिथंच लावतोयस व्हय?"
मी मान हलवली.
"मग उद्या पडशील तिथं कोण लावणार?"
मी बाकीचा सगळा पुढचा भाग भरून काढला.
हात दुखला. वाळूचे चार कण
मेणात बसले ते बसलेच.

साडेनऊला शमाल उठला.
पाणी निळ्याचं राखाडी झालं,
तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "उलटवू?"
"उलटव."
बूम डोक्यावरून सपकन गेली,
आणि माझे दोन्ही पाय
जिथे होते तिथे.
इतकं साधं. तळव्याला कुणी तरी
खालून धरल्यासारखं.
एकोणीस वर्षं या बेटावर आहे मी,
दर दोन वर्षांनी शिक्का,
असं कुणी धरलेलं आठवत नाही.
मागून आवाज आला, "बरं उभे राहिलात."
एवढंच. सप्टेंबरात ती जाणार आहे.

रात्री उरलेला तुकडा हातात होता.
टाकवेना.
कपाटातला पासपोर्टांचा खण कायम कुरकुरतो,
त्याच्या दोन्ही कडांना, आईसारख्या,
दोन सरळ रेघा ओढल्या.
लावला. थोडं थांबलो. ओढला.

आता तो उघडत नाही.
शर्वाणी जमिनीवर बसून
डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसतेय,
तिची आई केस वाळवायचं यंत्र शोधतेय,
आणि अख्ख्या घराला
नारळाचा वास.