मागच्या सीटवरची वही

डेलमार स्वेमने काउंटरवर कागद ठेवला,
घड्या घालून घालून मऊ पडलेला.
पुतण्याच्या इंजिनाचा आलेख:
एकशे अठरा अश्वशक्ती, आणि एक लाल रेघ
उजव्या कोपऱ्यात ताठ मानेने चढलेली.
"हाच कॅम. हीच हेड्स. किती दिवस लागतील?"

बाहेर डिकिन्सनचा वारा
कोठाराचा सुटलेला पत्रा वाजवत होता.
मी हात पुसले.

रेघ कुठे चढते ते बघ, म्हटलं.
पाच हजारांच्या पुढे.
तू पाच हजारांवर शेवटचा कधी गेला होतास?
तो आठवत राहिला.
"दोन हजार चौदा," म्हणाला, "कुत्रं मागे लागलं होतं."

कॅम म्हणजे काय,
अंडाकृती उंचवट्यांचा एक दांडा.
दार कधी उघडायचं, कधी लोटायचं,
जन्मभर एवढंच ठरवतो.
आत घेणारं दार उशिरा मिटलं,
तर सुसाट धावताना हवा घुसत राहते, खरंय.
पण सावकाशीत पिस्टन वर निघालेला असतो
आणि आलेला पाहुणा उंबऱ्यावरूनच परत जातो.

हेड्सचंही तेच.
पोर्ट कोरून रुंद केला म्हणजे छाती भरते असं नाही,
रुंद पात्रात पाणी रेंगाळतं.
मी आत बोट घालून बघते, वळणाच्या आतल्या अंगाला.
तिथला धातू जपायचा.
बापाने मला ग्राइंडर चालवायला एका दुपारी शिकवलं,
बंद ठेवायला नऊ वर्षं.

डेलमारला हे पटेना.
पी हळद नि हो गोरी, तसा तो
पुन्हा पुन्हा त्या आकड्यावर बोट ठेवी.

हीटरपाशी आर्लिस बसली होती,
मांडीवर हेल्मेट, हेल्मेटमध्ये हातमोजे,
हातमोज्यांखाली वही.
तिने ती न विचारता उघडली.

*१४ जून. बेअरटूथ घाट. दोघं, ट्रेलर, तंबू ओला.
चौथ्या गिअरमध्ये, चोवीसशेवर, धाप.*

*२ ऑगस्ट. वारा तोंडावर. सहाव्यातून पाचव्यात, अकरा वेळा.*

*९ सप्टेंबर. पंपावर हलकंच पेट्रोल. चढावर खडखड.
तो म्हणाला, काही नाही. होती.*

"एकतीस वर्षं शाळेची बस चालवली," ती म्हणाली,
"इंजिन मला माकडहाडातून ऐकू येतं."

"मला कधी बोलली नाहीस!"
"तू हेल्मेटमध्ये गात असतोस, डेलमार."

मी कागद उलटा केला,
कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं.
लवकर मिटणारा कॅम, तिशीच्या आतबाहेर.
दाब दहाला एक, त्यापुढे नाही,
घाटातल्या पंपावर काय मिळेल याचा भरवसा काय?
व्हॉल्व्ह आहेत तेच, बैठका नव्याने घासून.
स्प्रिंगा गरजेपुरत्या कडक.
पोर्ट फक्त साफसूफ, जिथे ओतकामाची धार राहिलीय तिथे.

आकडा? पुतण्यापेक्षा वीसने कमी येईल.
पण टॉर्कची रेघ बाविसशेपासून
आमच्या काउंटीसारखी सपाट,
मैलोगणती एक झाड नाही.

डेलमारने रेघ बघितली, मग बायकोकडे.
"सपाट," तो म्हणाला,
जसं एखाद्याने सूप आळणी म्हणावं.
कागद मात्र खिशात ठेवला. त्याची कोणती बाजू
त्या रात्री पुतण्याला दाखवली, मी विचारलं नाही.

ऑगस्टमध्ये रेड लॉजहून पोस्टकार्ड आलं,
डोंगराचं चित्र, मागे बारीक, सरळ अक्षर:

*दोघं. ट्रेलर. तंबू कोरडा.
चौथा गिअर वरपर्यंत पुरला.
तो वरच्या पट्टीत गातो आता, ते सोसतेय.
सकाळी थंड असताना मागच्या सिलिंडरला
एक टिकटिक आहे, सातआठ सेकंद.
तो म्हणतो, काही नाही.*

कार्ड मी बेंचच्या वर चिकटवलं,
आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी
त्यांच्यासाठी जागा रिकामी ठेवली.