आयोडीनचा एक थेंब

कुर्ल्यात पाइप रोडला, बेकरीच्या वरच्या खोलीत
भाड्यासोबत ऊब फुकट मिळते.
रात्री अडीचला फरशी तापते, मी उठून बसतो.
कॉलेजात पस्तीस वर्षं काचपट्ट्या धुतल्या.
निवृत्तीला शाल मिळाली,
आणि भंगारात निघालेला मायक्रोस्कोप
मी साडेआठशेला उचलला.

काल कलामुद्दीनला वर बोलावलं.
हात कोपरापर्यंत पांढरे.
त्याच्याच टोपातलं चिमूटभर खमीर पाण्यात कालवलं,
वर आयोडीनचा एक थेंब.
पिठाचे कण निळेकाळे पडले, दौत सांडल्यासारखे.
त्यांच्या मधोमध यीस्टच्या पेशी,
एखादीच्या अंगाला कळी फुटलेली.

"एवढं पीठ उशाशी, मग खात का नाहीत?"

तोंड लहान आहे रे त्यांचं.
स्टार्च म्हणजे साखरेच्या मण्यांची लांबच लांब माळ.
हे सुटे मणी गिळतात, नाहीतर दोन-तीनांचा जोड.
माळ तोडायला त्यांना दात नाहीत.

"मग तोडतं कोण?"

गहूच.
कात्री त्यानं ठेवली होती आपल्या अंकुरासाठी.
पाणी लागलं,
त्याला वाटलं, पेरलं आपल्याला.
त्यानं शिदोरी सोडली.

"बिचारा," कलामुद्दीन म्हणाला.
कोण, ते मी विचारलं नाही.

त्यानं पुन्हा डोळा लावला. "आणि ह्यांच्या पोटात हे तांबूस?"
शिल्लक. मिळालेले मणी परत ओवून,
फांद्याफांद्यांनी, आत ठेवतात.
उपाशी दिवसांसाठी.
"म्हणजे भिशी!"
तो इतक्या जोरात हसला की काचेवरचं सगळं हललं,
पुन्हा फोकस लावावा लागला.

भिंतीचं सांगायचं राहिलं.
पेशीचं कवचसुद्धा बरंचसं त्याच साखरेचं,
फक्त मण्यांचा सांधा उलटा बसवलेला,
म्हणून भूक लागली तरी
कुणी आपलं घर खात नाही.
एवढंच अंतर, घासात आणि भिंतीत.
पण खालून हाक आली, भट्टी लागली होती,
आणि जिन्यावर त्याची पांढरी पावलं उमटत गेली.

सकाळी पोऱ्या दोन पाव ठेवून गेला.
एक तुकडा तोंडात धरला, गिळला नाही,
नुसता चावत राहिलो, बराच वेळ,
तोवर तो गोड लागायला लागला.

डॉक्टरांनी साखर बंद केली आहे.
तोंडाला अजून कुणी सांगितलेलं नाही.