मूळ देश

द्रोणागिरीच्या गोदामात, चौथ्या शेडमध्ये
माझं घर त्रेचाळीस खोक्यांत रचून ठेवलंय
आणि मी त्याच्या बाहेर उभी,
गळ्यात पाहुण्याचा पास.

एजंट धर्मा कडू सांगतो, साहेब जेवायला गेलेत.
साहेब येतात बडीशेप चघळत,
पासपोर्ट मागून पुढे उलटतात,
शिक्क्यांवर बोट ठेवून विचारतात,
गेल्या दोन वर्षांत इथं किती दिवस राहिलात?
सहा महिन्यांवर गेलं तर सवलत नाही.

मी मोजते.
भाचीचं लग्न, सहा दिवस.
आईचं ऑपरेशन, नऊ.
आई गेली तेव्हा तेरावा करून निघाले, चौदा.
एकोणतीस.
‘छान,’ साहेब म्हणतात, ‘आरामात बसतंय.’

यादी नवऱ्याच्या अक्षरात.
मस्कतला जेवणाच्या टेबलावर तीन रात्री बसून
त्यानं रकाने आखले: वस्तू, नग, वय, किंमत.
सोफा, बारा वर्षं. शिलाई मशीन, एकोणीस.
प्रत्येकापुढे न कंटाळता ‘वापरलेलं’.
यादीत नाही तो फक्त तोच.
येईल ऑगस्टात, नोकरीची नोटीस संपली की,
विमानानं, तीस किलोंसकट.

खोकं सतरा. ‘किरकोळ’.
‘किरकोळ म्हणजे काय?’
कटर सर्रकन चालतो.
आत डबे. दह्याचे, लबनेचे, आइस्क्रीमचे,
घासूनपुसून एकात एक बसवलेले,
झाकणं निराळी, रबरबँड लावून.
एकशे बारा, हमाल मोजून सांगतो.
मी माझ्या चपलांकडे बघते.
साहेब एक झाकण उचलतात, परत ठेवतात.
‘बंद कर रे. आमच्याकडे पण
श्रीखंडाचा टाकू देत नाही आई.’

खोकं एकतीसला दोघं लागतात.
तीन गोधड्यांच्या आत पाटा, वरवंटा.
‘दगड आणलात तिकडून?’

तिकडून नाही हो. जांभळी नाक्यावरून.
आईनं घासाघीस करून घेतला,
टाकी लावून घेतली, पोत्यात शिवला,
सत्त्याण्णव साली बोटीनं गेला
आणि माझ्यामागून महिन्यानं पोचला.
तोवर मी परक्या मिक्सरची चटणी खाल्ली.
मग त्यानं सव्वीस वर्षं वाटलं,
इकडचं खोबरं, तिकडची सुकी लिंबं,
मधोमध खोलगा पडलाय, हात घालून बघा.

साहेब हात घालत नाहीत.
कागदावर रकाना आहे, मूळ देश.
‘ओमान टाकू?’
ठाणे, मी म्हणते.
‘ठाणे देश नाही, मॅडम.’
मला माहीत आहे ते.
ते लिहितात काहीतरी. मी वाकून बघत नाही.

सह्या होईतो धर्मा चहा आणतो.
बुटाच्या टोकानं काँक्रीटवर रेघ ओढतो.
‘तुमी उभ्या हाव ना, यं आमचा मिठागर व्हता.
त्या क्रेनपावत.
बापूस पानी सोराचा, आमी फली ओढाचो.
मी कंय गेलो नाय, मॅडम, जलमलो तवापासून यंच.
पास मनाबी दाखवाला लागतं गेटाव.’
चहा गोड आहे, फार गोड.
मी पिऊन टाकते.

टीव्हीवर ड्युटी लागली.
दगडावर नाही.
पिवळ्या खडूनं साहेबांनी वरवंट्यावर फुली मारली,
म्हणजे तपासला, म्हणजे जाऊ द्या.

ऐरोलीच्या ओट्यावर त्याला जागा नाही.
बाल्कनीत मांडलाय, वॉशिंग मशीनला चिकटून.
खालच्या बाई विचारून गेल्या,
रोज सकाळी काय घासता एवढं?

त्या पहिल्या दिवशी फुली धुतलीच नाही मी.
लसूण, सुकं खोबरं, तिखट, मीठ.
चटणीत थोडं पिवळं उतरलं.

खाल्ली तशीच.