मुद्दल

राज्याच्या वतीने मी आलो होतो,
गाडीच्या दारावर खात्याचं बोधचिन्ह, काखेत नकाशा,
नकाशावर तिच्या द्राक्षबागेतून गेलेली
शंभर फुटी, निळी, सरळ रेघ.

अराक्सी होवागिम्यान. वय ऐंशीच्या पुढं.
सहावीत तिनेच मला अपूर्णांक शिकवले होते,
कलिंगडाच्या फोडी करून;
उत्तर चुकलं की फोड तीच खायची.
"ये," म्हणाली. "आधी सांग,
अंश कुणाचा आणि छेद कुणाचा?"

मी सांगितलं. इथून पूल, पुलावरून रेल्वे,
पुलाखालून महामार्गाची जादा लेन,
पैसा कर्जरोख्यांचा, लोकांनी मतदान करून दिलेला,
बावन्न विरुद्ध अठ्ठेचाळीस.
"मी अठ्ठेचाळिसातली,"
आणि वीजबिलाच्या पाकिटामागं तिची पेन्सिल चालू झाली.
तीस वर्षं. पाच टक्के. समान हप्ते.
थांबली तेव्हा
एका डॉलरचे जवळजवळ दोन झाले होते.
"ऋण काढून सण करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही.
पण सण कधी आहे, तेवढं कळू दे."

आमच्या खात्यात तारीखसुद्धा पेन्सिलनेच लिहितात.
मी चहा प्यायलो.

मग तिने बिस्किटांचा डबा काढला.
डब्यात बटणं, चष्म्याची काच, एक लांबट पाकीट.
वाहान गेला तेव्हा विम्याचे पंचवीस हजार आले होते,
बँकेतला पोरगा म्हणाला,
काकू, सरकारी कागद घ्या, कर नाही, बुडणार नाही.
वर्षातून दोनदा व्याज येतं, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये.
ऑक्टोबरच्या व्याजात ती छाटणीची मजुरी भागवते.
मी विवरणपत्र उलगडलं:
रेल्वे व महामार्ग, मालिका क.
माझ्या फाइलच्या पहिल्याच पानावर
तेच अक्षर होतं.

तिने ते माझ्या तोंडावर वाचलं.
बाईंना उत्तरपत्रिका उलटी धरूनही वाचता यायची.

"म्हणजे वाहानच्या मरणाचे पैसे मी राज्याला दिले.
त्यातूनच राज्य माझ्या वेलींची किंमत मला देणार.
आणि मला जे व्याज येतं
त्यात माझाही कर आहे.
तर या गणितात, बाळ,
राज्य नेमकं करतं काय?"

"जोडतं," मी म्हणालो. "गावाला गावाशी."
पत्रकातलं वाक्य होतं, तिसऱ्या पानावरचं.
तिने माझ्याकडे पाहिलं
आणि बेदाण्यांची बशी
सावकाश स्वतःकडे ओढली.

सही मात्र केली. चार ठिकाणी, वळणदार.
आजोबांनी लावलेल्या चार ओळी
एका सकाळी यंत्राने उपटल्या,
मुळं इतकी खोल की चालकाने दोनदा शिवी घातली.

आता नऊ खांब उभे आहेत.
वर रूळ नाहीत. पुढच्या टप्प्याचा निधी
राजधानीत कुठल्या तरी समितीत आहे;
समितीची मुदत वाढली, हे मला पत्राने कळतं.
रात्रीचा पहारेकरी तोउ शिओंग
पाचव्या खांबाच्या बुंध्याशी कोथिंबीर लावतो,
टँकरवाला त्याला बादलीभर पाणी देतो,
आणि जाताना एक जुडी नेतो.
या प्रकल्पातला तेवढा एकच व्यवहार
मला पूर्ण समजलेला आहे.

रोख्यांची मुदत संपेल
तेव्हा बाई एकशे आठ वर्षांच्या असतील.
"मुद्दल तू घे," परवा म्हणाली, "नाहीतर तोउला दे,"
आणि हसता हसता खोकली.

ऑगस्ट संपत आला की मी रजा टाकून जातो.
दोन ओळींच्या मधे कागद अंथरलेले,
कागदांवर द्राक्षं, अजून हिरवी, सुकायला ठेवलेली.
तीन वाजले की सातव्या खांबाची सावली
पहिल्या कागदावर चढते.
सावलीत बेदाणा आंबतो.
मग बाई एक टोक धरते, मी दुसरं,
आणि आम्ही तो ताव, एकही मणी न सांडता,
हातभर पुढं सरकवतो.